बामीबायचं आवतण

पूल व्हायच्या फार आधीची ही गोष्ट आहे. तेव्हा शिरवेखारच्या तिन्ही बाजूंना खाडी होती आणि चौथ्या बाजूला मिठागरं. पल्याड जायचं तर होडी. होडी नसली तर बांधावर बसून राहायचं. माणसं बसून राहायची. तेव्हा कुणाला एवढी घाई नसायची.

त्या काळी आमच्या गावात बामीबाय नावाची धवलारीण होती. आम्हा आगरी लोकांत लग्न लावायचा मान धवलारणीचा. ती धवळे गाते आणि ती गाईल तसं लग्न पुढे सरकतं. तिनं हळदीचा धवळा म्हटला की हळद लागते, निरोपाचा म्हटला की नवरी उठते. ती थांबली की सगळं थांबतं.

बाकीच्या धवलारणी आईकडून आलेलं गायच्या. बामीबाय तेही गायची, आणि शिवाय दर लग्नाला एक नवं गाणं रचायची. लिहिता येत नव्हतं. मिठाची पाटी डोक्यावर घेऊन बांधावरून चालताना, पावलांच्या तालावर रचायची. गाणं पुरं झाल्याशिवाय ती पाटी उतरवत नसे, असं म्हणतात. एकदा एका लग्नात नवऱ्याकडचा एक मामा वड्यांवर फार तुटून पडला. बामीबायनं तिथल्या तिथं कडवं केलं, की मामाच्या पोटातली जागा संपली, आता उरलेले वडे पगडीत बांधा. मामा रागावला नाही. त्यानं ते कडवं पुन्हा म्हणायला लावलं आणि खरोखरच पगडी काढून पुढे धरली.

तिच्या मागून ओळ धरायला ठमी असायची. ठमी तिची शेजारीण, लहानपणापासूनची. बामीबाय ओळ सोडायची, ठमी झेलायची. दोघी गाऊ लागल्या की मिठागरातले बगळे मासा सोडून मान वर करायचे, असं म्हणतात.

हळदीच्या संध्याकाळी आवतण द्यायची चाल आहे. माणसांना नव्हे, माणसं तर आलेलीच असतात. देवाला, घरातल्या गेलेल्यांना, वडाला, विहिरीला, आगराला, खाडीला. एकेकाचं नाव घेऊन बोलवायचं आणि तांदळाचे दाणे टाकायचे. ज्याचं नाव राहील तो रुसतो. हे सगळं चालू असताना नवरी पाटावर गप्प बसलेली असते. हळदीतल्या नवरीनं तोंड उघडायचं नाही, मग काही का होईना.

चांगुणाचं लग्न निघालं तेव्हा बामीबायच्या गाण्याचा बहर होता. चांगुणाला आई नव्हती. बामीबायच्या अंगणात खेळूनच ती मोठी झालेली. नवरा पल्याडचा, हाशा नावाचा, हसऱ्या तोंडाचा मुलगा. बामीबायनं चांगुणासाठी असं गाणं रचलं की ऐकताना पुरुषसुद्धा उपरणं डोळ्यांना लावू लागले. लोक म्हणाले, पुन्हा म्हण. तिनं म्हटलं. पुन्हा म्हण म्हणाले, पुन्हा म्हटलं. तिलाही ते गोड वाटत होतं. दिवस बुडाला, मुहूर्त टळायला आला, आणि मग आवतण घाईघाईनं झालं. देव झाले, गेलेले झाले, वड झाला, विहीर आणि आगर झालं. खाडीचं नाव राहिलं.

ठमी ओळ झेलायला तोंड उघडून बसली होती. ओळ आली नाही. तिला वाटलं, शेवटी घेईल. शेवटीही घेतली नाही. भरल्या मांडवात धवलारणीला चूक कोण दाखवणार? ठमीनं तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याची होडी पल्याडहून निघाली. वारा नव्हता, पाणी काचेसारखं होतं. असं म्हणतात की खाडीच्या मधोमध एकच लाट उठली, एका माणसाएवढी, आणि होडी कलंडली. सगळे पोहत काठाला लागले. हाशा लागला नाही. तो पुढेही कधी सापडला नाही.

गावानं बामीबायला बोल लावला नाही. होडीत माणसं जास्त झाली, असंच लोक म्हणाले. पण बामीबाय बांधावर गेली. तिच्या ओटीत अक्षता होत्या, त्या तिनं पाण्यावर सोडल्या आणि खाडीला सांगितलं, आजपासून माझा गळा तुझ्याकडे. त्यानंतर भरतीच्या वेळी खाडीतून एक सूर यायचा, बाईमाणूस चाल जुळवून बघतं तसा, असं म्हणतात.

वर्षं गेली. दुसऱ्या गावांतून धवलारणी आणल्या. लग्नं झाली, पोरं झाली. पण म्हातारी माणसं जेवून उठताना म्हणायची, जेवण झालं, लग्न काही झालं नाही. बामीबाय मीठ वाहत राहिली. गाणं मनात यायला लागलं की ती अर्ध्या वाटेत पाटी खाली ठेवायची आणि ते निघून जाईपर्यंत उभी राहायची.

एकदा हळद लागलेली, म्हणून चांगुणाचा पुढे गावातच पाट लागला, दुसरेपणाचं लग्न. माणूस चांगला मिळाला. तिची मुलगी येसू लग्नाला आली, आणि स्थळ आलं ते नेमकं पल्याडचं. तेव्हा चांगुणा बामीबायच्या दारात येऊन बसली.

"काकी, येसूच्या हळदीला तू गायचं."

"मना आता गाना गावाचा नाय, चांगुणे. माझ्याच गाण्यानं तुझं वाटोळं केलं." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा बामीबायनं ते तोंडानं सांगितलं, की त्या दिवशी खाडीचं नाव राहिलं होतं.

चांगुणानं उंबऱ्यावर बोट फिरवलं. मग म्हणाली, "मना ठाव हाय."

"ठमीनं सांगितलं?"

"कुणी नाय सांगितलं. मी पाटावर बसून ऐकत होते. सासर पल्याडचं, मी खाडीच्या नावाचीच वाट बघत होते. ते आलं नाय. पण हळदीतली नवरी बोलते काय, काकी? मी बोलले असते तर तो आज असता. तू तुझं मना सांगितलंस. मी माझं कुणाला सांगू?"

शेजारच्या ओटीवरून ठमी कधी उठून आली ते दोघींना कळलं नाही. ती चांगुणाजवळ टेकली आणि म्हणाली, "मी पण तोंड उघडून बसले होते गो."

तिघी मग काय बोलल्या, ते कुणी सांगत नाही. एवढंच सांगतात, की उठताना बामीबायनं विचारलं, हळद कधी आहे.

हळदीला सगळी खाडीपट्टी लोटली. बामीबाय उभी राहिली, तिनं तोंड उघडलं, आणि सूर आला नाही. पुन्हा उघडलं, नाही आला. येसू पाटावर मान खाली घालून बसलेली. तेवढ्यात नवऱ्याकडचा एक म्हातारा उठला. तो त्या वडेवाल्या मामाचा मुलगा होता. तो म्हणाला, "बामीबाय, बा गेला, पण पगडी घेऊन आलोय."

मांडव हसला. बामीबायही हसली. त्या हसण्यातच ठमीनं ओळ सोडली. आयुष्यभर मागून धरणारी ठमी त्या दिवशी पुढे झाली, आणि बामीबायनं तिची ओळ झेलली. आवाज उन्हानं फुटलेल्या वाफ्यासारखा होता, पण तिचाच होता. हळूहळू तो चढला आणि ठमी आपल्या जागेवर मागे आली.

या खेपेला बामीबायनं पहिलं नाव खाडीचं घेतलं.

आवतण दिलं गो खाडीच्या पाण्याला,
भरतीवर बसून यावं लग्नाला.
आवतण दिलं गो पाण्यातल्या हाशाला,
पाव्हणा होऊन यावं येसूच्या हळदीला.

ते नाव ऐकून चांगुणानं पदर तोंडाला लावला. ओहोटीची वेळ होती. तरी पाणी वाढलं, असं म्हणतात. बांध ओलांडून ते अंगणात आलं, मांडवाच्या मेढीला शिवलं, येसूच्या पाटाखालून फिरलं आणि आल्या वाटेनं परत गेलं. जाताना बांधाच्या दगडावर हळदीची पिवळी रेघ ठेवून गेलं. दुसऱ्या दिवशी येसूची होडी पल्याड लागली तेव्हा होडीवाल्यानं वल्ह्याला हात लावला नव्हता, असं तो मरेपर्यंत सांगायचा. आणि भरतीच्या वेळचा तो सूर त्या दिवसापासून कुणाला ऐकू आला नाही.

बामीबाय पुढे खूप वर्षं गायली. येसूच्या मुलीच्या हळदीलाही गायली. पाटी सुटली, काठी आली, तर काठीच्या तालावर रचायची.

आता पूल झाला. नवरी गाडीतून जाते. मिठागरं बुजली, तिथे कंटेनर उभे असतात. हळदीला मोठमोठे भोंगे वाजतात, बगळे केव्हाच दुसरीकडे गेले. पण शिरवेखारला आवतणाची वेळ झाली की पोरं भोंगे बंद करतात, कुणाला सांगावं लागत नाही. धवलारीण सगळी नावं घेते आणि एक मुद्दाम बाकी ठेवते. मग दाण्यांची मूठ तशीच धरून पाटाकडे वळते आणि विचारते, "कोण राहिलं गो नवरे?"

दुसऱ्या गावांत हळदीतली नवरी बोलत नाही. आमची बोलते. सगळा मांडव कान देतो आणि ती मान वर करून सांगते,

"बामीबाय राहिली."

मग शेवटचे दाणे पडतात आणि हळद लागते.