पाठवणीची माती

हिवरदरे हे गाव डोंगराच्या सावलीच्या बाजूला आहे. ढग येतात ते बहुतेक पलीकडेच रिते होतात. या गावात कुणाला अंगणात खोदकाम करायचे असले, मग ते पाण्याच्या टाकीसाठी असो वा घराच्या पायासाठी, तर ठेकेदार आदल्या दिवशी येऊन जागा पाहून जातो. घरची माणसे अंगण मोकळे करू लागतात. तुळस कुंडीत हलवली जाते, गुरांचे खुंटे उपटले जातात, नळाची पाइप जमिनीखालून जिथून गेली असेल तिथे चुन्याची रेघ ओढली जाते. सकाळी जेसीबी दारात येतो. परंतु त्याचा दात मातीला लागण्यापूर्वी ठेकेदार खाली उतरतो आणि आपला रुमाल जमिनीवर पसरतो. घरातील सर्वांत वडील बाई हाताने मूठभर माती उकरून त्यात ठेवते आणि गावाबाहेर असलेल्या एखाद्या माणसाचे नाव घेते. रुमालाला गाठ बसते. ती माती ठेकेदार पुढच्या कामावर घेऊन जातो आणि तेथील अंगणात ठेवतो. तिला या भागात ‘पाठवणीची माती’ म्हणतात.

शहरातून येऊन येथे घर बांधणाऱ्यांना हा प्रकार ठाऊक नसतो. ते घाई करतात. त्यावर मोहिते ठेकेदाराचे उत्तर ठरलेले असते : “मला यंत्र चालवता येतं, गोष्ट नाही. ती आबांकडं. तवर चहा टाका.” मग गावातील वयोवृद्ध रखमाजी आबांना बोलावणे जाते. आबा ओट्यावर बसतात, चहा बशीत ओततात आणि सांगू लागतात. पुढील कथा त्यांच्या सांगण्याला धरून आहे. ती नेमक्या कोणत्या काळातील, हे निश्चित सांगता येत नाही. घोड्यांचे दिवस होते, एवढेच आबा सांगतात.

त्या काळी गावाला विहीर नव्हती, असे सांगतात. ओढ्यात झरे खणून लोक पाणी भरत. एके वर्षी झऱ्यांनाही वाळूच लागू लागली. तेव्हा गावाने पाणाड्या आणला. तळहातावर नारळ आडवा धरून तो गावभर हिंडला, आणि गिरजाई नावाच्या विधवेच्या अंगणात, उंबऱ्यापासून थोड्याच अंतरावर, नारळ उभा राहिला म्हणे; म्हणजे पाणी तिथेच.

गिरजाईचा एकुलता मुलगा सुभाना उत्तरेकडे निघालेल्या स्वारीबरोबर गेला होता. त्याच्याबरोबर गेलेले काही परतले होते, काहींची खबर आली होती. सुभानाचे मात्र येणेही नव्हते आणि खबरही नव्हती. गिरजाई संध्याकाळी उंबऱ्यात बसे. तिला कुणी काही विचारीत नसे.

पाटलांनी अंगण मागितले. तिने लगेच दिले. “तहानलेल्या गावाला नाही म्हणून मी कुठं जाऊ?” एवढेच ती म्हणाली. विहिरी खोदणारे तिम्मा नाईक आणि त्यांची माणसे शेजारच्या मुलखातून येत असत; त्यांना सांगावा धाडला. ती माणसे येईपर्यंत गिरजाईने एकटीने अंगण मोकळे केले. जाते आत नेले, चूल मोडली, तुळस शेजारणीकडे दिली, शेवग्याचे झाड स्वतः उभी राहून तोडून घेतले. नाईक आले तेव्हा अंगण सारवून लख्ख होते. फक्त उंबऱ्याजवळच्या हातभर जागेवर तिने एक दगड ठेवला होता.

“नाईक, एवढा कोपरा राहू द्या,” ती म्हणाली.

जमलेले लोक हसले. “गिरजाई, विहिरीला कोपरा असतोय व्हय?” एकाने विचारले. “उद्या म्हणशील, परसदारही ठेवा.”

ती हसली नाही आणि तिने कारणही सांगितले नाही.

येथे आबा एक गोष्ट स्पष्ट करतात, कारण तिच्यावाचून पुढचे कळत नाही. मूल जन्मले की त्याची नाळ गाडग्यात घालून अंगणात पुरण्याची रीत होती. नाळ जिथे पुरलेली असते तिथे माणूस ओढला जातो, अशी समजूत होती. मात्र ती जागा कुणाला सांगायची नसे. पुरणारी सुईण विसरून जाई, किंवा विसरल्यासारखे करी. आई तेवढी लक्षात ठेवी. सांगितले तर ओढ तुटते, असे मानीत. म्हणून खोदायला आलेला कधी विचारीत नसे आणि घरचे कधी बोलत नसत. त्या दगडाखाली सुभानाची नाळ होती. गावातल्या कोणत्याही आईने तो दगड पाहून ओळखायला हवे होते. पण विचारणे हेच निषिद्ध असल्यामुळे ज्यांनी ओळखले त्याही गप्प राहिल्या.

नाईकांनी तेवढी माती सोडून खोदायला सुरुवात केली. विहीर खोल जाऊ लागली तशी ती सोडलेली माती एका बाजूला जिभेसारखी आत डोकावत राहिली. सगळीकडे कोरडा कातळ लागला. ओल दिसली ती त्या जिभेच्या बुडाशी. एके दुपारी तिचा मोठा गोळा सुटला आणि पाट्या वाहणाऱ्या दुर्गव्वाच्या, म्हणजे नाईकांच्या बायकोच्या, अगदी जवळ येऊन पडला.

नाईक वर आले आणि त्यांनी पहार खाली ठेवली. “पाटील, पाणी त्या सोडलेल्या मातीखालीच आहे. ती काढली तर खोदतो. राहिली तर आम्ही निघालो. माझी माणसं मी मातीखाली घालणार नाही.”

गाव गिरजाईच्या दारात जमले. कुणी समजावले, कुणी टोचून बोलले. “लेकरं चिखल चोखतात आणि हिला दगड प्यारा,” असेही शब्द आले. पाटलांनी तिला दुसऱ्या सकाळपर्यंत विचार करायला सांगितले. लोक पांगल्यावर दुर्गव्वा तेवढी मागे राहिली आणि उंबऱ्यात तिच्याशेजारी बसली. दुर्गव्वा परमुलखातली होती. गावाची मनाई तिला लागू नव्हती.

“पोराची आहे का गं, अक्का?” तिने विचारले.

गिरजाईने होकाराची मान हलवली. मग म्हणाली, “ती हलवली तर तो कशाच्या ओढीनं येईल?”

“माझी पाच बाळंतपणं पाच पालांवर झाली,” दुर्गव्वा म्हणाली. “एक नदीकाठी, एक कुणाच्या तरी बांधावर, बाकीची आता आठवत नाहीत. पाल हलला की नाळ मागं राहते. आम्हाला ओढायला एक गाव नाही अक्का, सगळी वाट ओढते.” आणि पुढे म्हणाली, “तुझा पोरगा गावात नाही. तो वाटेवर आहे. मग त्याची नाळ घरात बसून काय करते? दे माझ्याकडं. आम्ही काय, चालतच असतो.”

सकाळी पहारीला कुणाला हात लावू न देता गिरजाईने स्वतः दगड सरकवला आणि माती उकरली. गाडगे हाती लागताच फुटले. आत मातीशिवाय काही नव्हते. तिने ती माती मुठीत घेतली, दुर्गव्वाच्या पदरात ठेवली आणि सगळ्या गावासमोर मुलाचे नाव घेतले. तो गेल्यापासून ते नाव तिच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. दुर्गव्वाने पदराला गाठ मारली. त्यानंतर जीभ काढली गेली, आणि तिच्या जागी जो झरा फुटला त्याने विहीर भरून गेली, असे सांगतात.

नाईकांचा पाल उठला. गिरजाई आता विहिरीच्या काठावर बसू लागली.

बऱ्याच वर्षांनी खोदणाऱ्यांची दुसरी एक टोळी गावात आली. त्यांचा म्होरक्या पहिली मूठ देणाऱ्या बाईचे घर विचारत विचारत गिरजाईच्या दारी पोचला आणि त्याने तिच्यापुढे एक लहानशी पुरचुंडी ठेवली. “ही माती दिलीय. काम निघेल तिथं ठेवा म्हणून,” तो म्हणाला. गिरजाई चटकन उठली. त्या वयात ती तशी उठेल असे कुणाला वाटले नव्हते.

“कुणी दिली? सुभानानं?”

म्होरक्या गोंधळला. दूरच्या एका गावात कुणा बाईने आपल्या अंगणातली ती मूठ दिली होती. तिचाही कुणी गेलेला होता. दुर्गव्वाकडून ऐकून तिनेही नाव घेतले होते. नाव वेगळे होते.

गिरजाई पुन्हा खाली बसली. पुरचुंडी सोडून तिने ती माती उंबऱ्यासमोर ठेवली. मग तिने सुनेसारख्या वागणाऱ्या शेजारणीला हाक मारली. “पाणी आण गं,” ती म्हणाली. “कुणाचं का असंना, लांबून आलंय.”

कथा संपली की ऐकणारे हटकून विचारतात, की सुभाना परतला का. या बाबतीत गावात एकमत नाही. काही जण म्हणतात, एक उतारवयाचा स्वार विहिरीवर पाणी पिऊन आपलेच अंगण न ओळखता पुढे गेला. आबांना हा भाग मान्य नाही. तो कुणीतरी मागाहून जोडला असावा, असे ते म्हणतात. “तो आला असता तर गिरजाईचं काम झालं असतं, बाबा,” आबा रिकामी बशी खाली ठेवत म्हणतात. “मग हा रिवाज कशाला राहिला असता?”

आजही हिवरदऱ्यात कोणत्याही अंगणाची माती निघण्याआधी ठेकेदार मागच्या कामावरून आणलेली मूठ उंबऱ्यासमोर ठेवतो. घरची बाई तिच्यावर तांब्याने पाणी घालते, वाटेने आलेल्याच्या पायांवर घालावे तसे. ती माती कुणाच्या दारची, कुणाच्या नावाची, हे ती विचारीत नाही. पाणी पूर्ण जिरेपर्यंत सगळे उभे राहतात. यंत्र त्यानंतर सुरू होते.