आधी चौकशी, मग बंदूक

राजा भुजंगरावांनी फर्मान काढलं: एकाने दुसऱ्याच्या हाती बंदूक द्यायची, तर आधी घेणाऱ्याच्या तीन पिढ्यांची कोतवालाकडून चौकशी! आठव्याच दिवशी बोरघळ गावच्या येसूचा बाप राघू कोठडीत गेला. गुन्हा काय? मक्यात रानडुक्कर घुसलं, राघूची नजर अधू, म्हणून त्याने बंदूक शेजारच्या केरबाला दिली.

अख्ख्या बोरघळात बंदूक एकच. ज्याची राखण, त्याच्या खांद्यावर. पंचांना हे ठाऊक होतं, पण दरबारात राघूचा निवाडा निघाला तेव्हा ते मिशा कुरवाळत बसले. एवढ्या पिकल्या मिशा आणि तोंडातून शब्द फुटेना!

शेवटी येसूच पुढे झाली. "सरकार, दरोडेखोर येतात का चौकशीला?"

"ते कशाला येतील?"

"मग ताटकळतं कोण? आम्हीच! कोतवालसाहेबांना महिना लागतो. डुक्कर महिनाभर थांबत नाही!"

राजा भडकला. "सरळ माणसाला चौकशीचं कसलं भय? या कायद्यापायी जीव धोक्यात आलेला एक तरी सज्जन उद्यापर्यंत दाखव. नाहीतर बाप वर्षभर आत!"

"दाखवते. फक्त उद्याच्या शिकारीत आपली दुसरी बंदूक ठासून तयार ठेवायचं काम मला द्या."

राजाने हुकूम सोडला आणि येसूची चौकशी घटकाभरात उरकली. महिना कुठे गेला, कोतवालच जाणे!

दुसऱ्या दिवशी रानात राजाचा पहिला बार हुकला. बंदूक रिकामी, आणि चवताळलेलं डुक्कर थेट अंगावर! राजाने हात मागे केला. "दुसरी दे!"

येसू केव्हाच मागच्या खडकावर चढली होती. भरलेली बंदूक तिने छातीशी कवटाळली. "सरकार, आपले पणजोबा काय करायचे?"

"आँ?"

"तीन पिढ्या सांगा!"

"अगं, डुक्कर आलं!"

"दिसतंय की! कोतवालसाहेब येईपर्यंत थांब म्हणू का त्याला?"

राजाने पगडी टाकली आणि जांभळावर झेप घेतली. डुक्कर खालून धडधडत निघून गेलं.

"पणजोबा..." वरून आवाज आला, "घाटात व्यापारी लुटायचे."

"बघा! माणूस सज्जन, पण कोतवालसाहेबांनी बंदूक देऊच दिली नसती. सापडला ना आपल्याला हवा तो?"

"सापडला!" राजा इतका हसला की फांदी गदागदा हलली. "फांदीवर बसलाय! आधी त्याला खाली उतरव!"

राघू त्याच दिवशी सुटला. फर्मानाचे तुकडे झाले. आणि बोरघळात दुसरी बंदूक आली, राजाची, येसूच्या खांद्यावर.