सगळ्या वर्गाची एकच गाय

बोरटेक नावाचं एक गाव होतं. त्या गावात एक शाळा होती, आणि त्या शाळेत एक भोळे मास्तर होते. गुणाजी गुरुजी त्यांचं नाव. माणूस सरळ. सांगितलेलं काम कधी टाळायचे नाहीत, हाच त्यांचा गुण आणि हीच शाळेची पंचाईत. मोठ्या बाई एकदा म्हणाल्या, "गुरुजी, खिडकीतून पोरं पळतात, जरा खिडकीवर लक्ष ठेवा." गुरुजी दिवसभर खिडकीकडे बघत बसले. दारातून अर्धा वर्ग बोरं खायला गेला.

स्वतःबद्दल गुरुजींचा काही गैरसमज नव्हता. "आपलं डोकं म्हणजे शाळेची घंटा," ते पोरांना हसत सांगायचे. "कुणी ठोकल्याशिवाय वाजत नाही."

आता या शाळेची एक रीत होती. दरवर्षी गॅदरिंगला चौथीच्या वर्गाचं हस्तलिखित निघायचं. प्रत्येक पोरानं आपल्या हातानं एक पान लिहायचं, बाईंनी ती पानं शिवून वर रंगीत पुठ्ठा लावायचा, आणि गावातल्या आईबापांनी येऊन आपल्या लेकराचं पान शोधायचं. गेल्या वर्षी गुरुजींनी फळ्यावर गायीचा निबंध लिहून दिला होता. 'गाय हा एक उपयुक्त पाळीव प्राणी आहे. गायीला चार पाय असतात.' तुम्हालाही तो पाठ असेल; आम्हाला अजून आहे, दुसरं काहीच लिहिता येत नाही. सगळ्या वर्गानं तो उतरवला. रावजी सरपंचांनी हस्तलिखित पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळलं आणि विचारलं, "बाई, समद्या वर्गात मिळून गाय एकच हाय व्हय?"

मोठ्या बाई म्हणजे चौगुलेबाई, मुख्याध्यापिका. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गुरुजी, यंदा प्रत्येक पोराचं स्वतःचं पान हवं," त्या म्हणाल्या. "नाहीतर लेखनाचा तास मी घेईन. तुम्ही कवायत घ्या."

लेखनाचा तास म्हणजे गुरुजींचा जीव की प्राण. पण 'निबंध' म्हटलं की पोरांची पोटं दुखायची, कुणाला तहान लागायची, कुणाची पेन्सिल हरवायची. याचं गुरुजींना फार वाईट वाटे. पोरांनी एकदा तरी हसत लिहावं, एवढंच त्यांना हवं होतं. ते कसं करायचं हे मात्र ठाऊक नव्हतं.

"फळ्यावर काही लिहून देऊ नका," बाई म्हणाल्या. "पोरांना डोळ्यांनी जे दिसतं ते लिहू द्या. कळलं?"

"कळलं, बाई. काळ्या दगडावरची रेघ."

दुसऱ्या दिवशी विषय होता, 'मी राजा झालो तर'. बारकू नावाच्या पोरानं झोकात सुरुवात केली, 'मी हत्तीवर बसून शाळेत येईन.'

गुरुजी म्हणाले, "बारकू, हत्ती कुठं दिसतोय?"

"न्हाई दिसत, गुरुजी."

"मग खोड. समोर काय दिसतंय?"

"भिंत."

सगळ्या वर्गानं लिहिलं, 'मी राजा झालो तर समोर भिंत आहे.'

बाईंनी ते वाचलं आणि खुर्चीत बसल्या. "अहो गुरुजी, कल्पना म्हणून काही चीज असते की नाही? जे नाही ते लिहायचं! पोरांना खुशाल थापा मारू द्या. जितकी मोठी थाप तितकं बरं. कळलं?"

"कळलं, बाई. काळ्या दगडावरची रेघ."

त्याच आठवड्यात शाळेच्या पाण्याच्या टाकीचा नळ मोडला. सरपंचांना पत्र लिहायचं होतं. गुरुजींनी ते पोरांकडून लिहून घेतलं आणि बजावलं, "नुसता नळ मोडला म्हणू नका. काहीतरी मोठं मनात आणा." पोरांनी मनात आणलं. पत्र गेलं, 'आमच्या टाकीत मगर शिरली आहे. तिनं नळ खाल्ला. आता ती शिपाईमामांकडे बघते.'

तासाभरात रावजी सरपंच जाळी, काठ्या आणि निम्मं गाव घेऊन हजर झाले. एकानं धाडस करून टाकीत डोकावलं. आत एक बेडूक होता.

"मगर कुठं हाय?" सरपंच ओरडले.

"कल्पनेत आहे," गुरुजी अदबीनं म्हणाले.

सरपंच गेल्यावर बाईंचा आवाज चढला. "कामाच्या कागदात कल्पना कशाला? थोडक्यात लिहायचं! पाल्हाळ कापायचं, मुद्द्याचं तेवढं ठेवायचं. कळलं?"

"कळलं, बाई. काळ्या दगडावरची रेघ."

वर्गात सगुणा नावाची एक मुलगी होती. बोलायची कमी. मगरीच्या पत्रानंतर तिला काय झालं कोण जाणे, तिनं घरी बसून आपणहून गोष्ट लिहिली. एका शेळीला चंद्र भाकरीसारखा दिसतो, म्हणून ती टेकडी चढत जाते, वाटेत तिला घुबड भेटतं, ढग भेटतो, अशी भली लांब गोष्ट. गुरुजींनी ती हातात घेतली, लाल पेन काढलं आणि पाल्हाळ कापायला बसले. उरली ती गोष्ट अशी: 'शेळी होती. गेली. आली.'

"पण गुरुजी," सगुणा म्हणाली, "ती चंद्राचा तुकडा मोडून पिल्लांना आणते, ते?"

"ते मुद्द्याचं नाही, बाळ."

सगुणाच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडायला लागलं. ते बघून गुरुजींच्याही डोळ्यांत पाणी आलं. आपण काहीतरी वाईट केलं हे त्यांना कळलं, काय केलं ते कळेना.

बाईंना कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, पोरानं स्वतःच्या मनानं लिहिलेलं असतं, त्याचं एक अक्षर बदलायचं नाही. ते जपायचं! कळलं?"

"कळलं, बाई," गुरुजी डोळे पुसत म्हणाले. "या खेपेला अगदी काळ्या दगडावरची रेघ."

दुसऱ्या दिवशी बारकूनं शाळेच्या दर्शनी भिंतीवर कोळशानं लिहिलं, 'गुरूजी बोकडावानी शिंकत्यात.' गुरुजींनी वाचलं. हरखून गेले. स्वतःच्या मनानं लिहिलेलं! शिवाय खरं होतं; ते शिंकले की गल्लीतल्या शेळ्या वळून बघत. पण कोळसा काय, पुसला जाणार. मग हे जपायचं कसं? गुरुजींनी फाटकाचा उरलेला ऑइलपेंट आणला, बारकूची अक्षरं एकेक करून पक्की गिरवली, एक वेलांटी बदलली नाही, आणि भोवती वेलबुट्टी काढली.

बाई फाटकातून आत आल्या. भिंत वाचली. मग हात जोडून म्हणाल्या, "गुरुजी, आता तुम्ही काही करू नका. दाराबाहेर बसा, आणि काही म्हणजे काहीच करू नका."

"काळ्या दगडावरची—"

"बसा!"

गुरुजी दाराबाहेर बादली पालथी घालून बसले. आत पोरांपुढे कोरे कागद होते. विषय नव्हता, गुरुजी नव्हते. पोरं एकमेकांकडे बघत राहिली. तेवढ्यात चार शेळ्या पटांगणात आल्या आणि खिचडीच्या पातेल्यात तोंड घालून खाऊ लागल्या. खिचडीवाल्या हौसामावशी आतून ओरडल्या, "गुर्जी, शेरडं हाकला की!"

"नाही हो मावशी. काही करायचं नाही असं ठरलंय."

शेळ्यांनी खिचडी संपवली. एकीनं गुरुजींची टोपी खाल्ली. गुरुजी शिंकले, तेव्हा कुठं शेळ्या पळाल्या. खिडकीत सगळा वर्ग उभा राहून पोट धरधरून हसत होता. मग एकेक जण खाली बसला आणि लिहायला लागला. सुट्टीची वेळ झाली तरी घंटा झाली नाही, कारण घंटा द्यायचं काम गुरुजींचं होतं. पोरं हसत होती आणि लिहीत होती. गुरुजी बाहेरून ते ऐकत होते. जन्मात एवढं सुख त्यांना झालं नव्हतं.

संध्याकाळी बाईंनी कागद वाचले. कुणी शेळीच्या बाजूनं लिहिलं होतं, कुणी टोपीच्या. एकाचं दुसऱ्यासारखं नव्हतं. सगळ्यांत वर सगुणाचा कागद होता. 'एक होते गुरुजी. त्यांचं डोकं म्हणजे घंटा होती. बाई ती रोज ठोकत, पण ती भलत्याच वेळी वाजे. तरी आम्हाला ते आवडतात, कारण आम्ही रडलो की ते पण रडतात.' बाईंनी तो कागद दोनदा वाचला. कागदांचा गठ्ठा गुरुजींच्या हातात देत त्या म्हणाल्या, "वाचा हे सगुणाचं. असं लिहायला हवं सगळ्यांनी! मी गॅदरिंगचं सामान आणायला तालुक्याला चाललेय. थेट गॅदरिंगच्या दिवशीच येईन, तोवर चांगल्या कागदावर उतरवून घ्या आणि यंदा पानं तुम्हीच शिवा."

गुरुजींनी वाचलं. आधी खदाखदा हसले. "अगदी असाच आहे मी! हुबेहूब!" मग टोपी नसलेलं डोकं खाजवत जरा रडले. मग कामाला लागले.

गॅदरिंगच्या दिवशी गाव लोटलं. टेबलावर हस्तलिखित होतं. सरपंचांनी पहिलं पान उघडलं, 'एक होते गुरुजी.' दुसरं उघडलं, 'एक होते गुरुजी.' शेवटचं उघडलं.

"बाई," ते म्हणाले, "गेल्या साली समद्यांची गाय एकच व्हती. औंदा मास्तर एकच हाय."

बाईंनी हस्तलिखित ओढून घेतलं आणि गुरुजींपुढे धरलं.

"तुम्हीच म्हणालात, असं लिहायला हवं सगळ्यांनी," गुरुजी म्हणाले. "म्हणून सगुणाची गोष्ट फळ्यावर लिहून दिली. एक अक्षर बदललं नाही."

"आणि बाकीच्यांचं लिहिलेलं?"

"जपून ठेवलंय, बाई. पेटीत. कुलूप लावून."

बाईंना हसावं की रडावं कळेना. "जा, कवायतीची शिट्टी घ्या," त्या म्हणणार, तोच सरपंच पुन्हा ओरडले, "थांबा! ह्या बारकूच्या पानावर शेवटी एक वळ जास्तीची हाय."

गुरुजींनी धावत जाऊन पान बघितलं. बारकूनं खाली आपल्या मनानं लिहिलं होतं, 'गुरूजी हा एक उपयुक्त पाळीव प्राणी आहे.'

गुरुजींचा आनंद गगनात मावेना. "बघा बाई! स्वतःच्या मनानं लिहिलं पोरानं!" त्यांनी खिशातून खडू काढला आणि नाटकासाठी सजलेल्या पोरांना हाक मारली, "पोरांनो, वह्या काढा! ही ओळ सगळ्यांनी उतरवून घ्या."

आणि एक राजा, एक वाघ, दोन झाडं आणि बाकीचा सगळा वर्ग मांडी घालून खाली बसला.