लव्हाळीचे लबाड बी

हिरण्यपुरात धृतवर्मा राजा राज्य करीत होता, त्या काळची ही गोष्ट. नगराबाहेर, नदीपलीकडे वाळूचा मोठा माळ होता आणि त्या माळावर बोधिसत्त्व शेणकिड्याच्या जन्माला आले होते. कोणाला हसू आले तर हसावे. त्यांना स्वतःलाही येत असे.

हरणांच्या लेंड्या शोधायच्या, डोके खाली घालून मागच्या पायांनी उलट्या ढकलत न्यायच्या आणि वाळूत पुरायच्या, हा तिथला घरोघरचा धंदा. पुरलेल्या लेंडीत मादी अंडे घाली आणि पिल्लू तीच खाऊन वाढे. याच माळावर लव्हाळीच्या जातीचे एक झुडूप होते. त्याला पाने नाहीत, नुसत्या हिरव्या काड्या. बी मात्र गोल, तपकिरी, खरखरीत, आणि वास थेट हरणाच्या लेंडीचा. दरसाल किडे फसत. ऊर फुटेस्तोवर ढकलून बी घरी नेत, पुरत, आणि चावा घेतला की दगड. मग लव्हाळीला शिव्या घालीत आणि पुढच्या साली पुन्हा फसत. बिचाऱ्यांचे नाक तिखट होते, पण आठवण अगदीच तोकडी.

एका वर्षी गवत सुकले आणि हरणे नदी ओलांडून निघून गेली. बोधिसत्त्वांचा भाचा कंदुक याची बायको मृत्तिका तेव्हा अंड्यावर आली होती. कंदुकाने दिवसभर वणवण करून एकच गोळा आणला आणि पुरला. मृत्तिकेने तो चाचपून पाहिला.

"अहो, हे बी आहे," ती म्हणाली आणि खालीच बसली.

कंदुकाचे डोके फिरले. त्याने सगळ्यांना जमवून नियम केला की यापुढे आधी चावून बघायचे, मगच ढकलायचे. मग तो तरातरा लव्हाळीकडे गेला. "लव्हाळीबाई, तुमचं सोंग पुरे झालं. यापुढे तुमच्या बियांना कोणी पाय लावणार नाही."

लव्हाळी म्हणाली, "तुझा राग खरा आहे, बाबा. पण वर पडलेलं बी उंदीर खातात. वणव्यात मी जळते, आणि मागे उरतं ते तुम्ही पुरलेलं तेवढंच. गोड फळ जमलं असतं तर तेच दिलं असतं रे. मला हा वास तेवढा जमला. यंदा काड्या वाळल्यात, वणवा येणारच. आता माझ्यामागे काही राहत नाही."

कंदुक तसाच परतला. बोधिसत्त्वांनी हे सगळे ऐकले होते. त्यांच्या बिळात एक खरी लेंडी होती, दुष्काळात स्वतःसाठी ठेवलेली. ती त्यांनी ढकलत मृत्तिकेच्या दारात आणली.

"मामंजी, मग तुम्ही काय खाल?"

"या वयात भूक लागते कुठे," ते म्हणाले. हे साफ खोटे होते.

तिथून ते लव्हाळीखाली गेले आणि एक बी ढकलू लागले. कंदुक धावत मागे आला. "मामा, चावून तरी बघा. बी आहे ते."

"ठाऊक आहे."

"मग कशाला?"

"इतकी वर्षं आपण तिचं काम फसून केलं. एकदा ओळखून करू दे."

"मला तिचा राग येतो, मामा."

"येऊ दे. मलाही थोडा येतो," बोधिसत्त्व म्हणाले आणि पुन्हा डोके खाली घातले.

उपाशीपोटी ते रोज बिया पुरत राहिले. पाय लटपटू लागले तेव्हा कंदुक शेजारी आला आणि त्यानेही बियाला पाय लावला. मग वणवा आला. सगळे वाळूखाली शिरले. माळ काळा झाला, त्यावर पाऊस पडला, पण बोधिसत्त्व काही वर आले नाहीत. मृत्तिकेचे पिल्लू राखेतून बाहेर आले तेव्हा चहूकडे हिरव्या काड्या उभ्या होत्या. कंदुक त्याला म्हणाला, "हे तुझे आजोबा लावून गेलेत."

ही कथा सांगून शास्ता सकाळी एका म्हातारीची तक्रार घेऊन आलेल्या भिक्खू गोदत्ताकडे वळले. "तेव्हाचा कंदुक तू होतास. मृत्तिका म्हणजे आपली उपासिका रोहिता. विहाराच्या दारात खोटे कण्हून रोज तुझ्याकडून भात घेते ती म्हातारी म्हणजे लव्हाळी, आणि तो म्हातारा शेणकिडा मी."

गोदत्ताने विचारले, "म्हणजे उद्याही तिला वाढू, भन्ते?"

"ती भुकेली असते का?"

"असते."

"मग तिचे कण्हणे खोटे आहे, भूक नाही. हे ओळखून जो वाढतो, त्याच्या त्या गुणाला करुणा म्हणतात."