महापौरांची पायपीट

चांदगिरीच्या महापौरांनी फर्मान काढलं, मारुती चौकापासून महापालिकेपर्यंतचा फुटपाथ उखडायचा! रस्ता रुंद होईल, मोटारी सुसाट जातील. मंगळवारी जेसीबी येणार, असं पेपरात छापूनही आलं.

ते गुंफाबाईच्या कानावर आलं. त्याच फुटपाथवर ती वीस वर्षं गजरे विकत बसलेली. गजरा घेणार कोण? चालत जाणारी बाई! मोटारीतली बाई काच खाली करीपर्यंत पुढच्या चौकात पोचलेली असते. फुटपाथ गेला की गिऱ्हाईक गेलं, आणि गिऱ्हाईक गेलं की गुंफाबाईची चूल थंड.

पदर खोचून ती थेट महापौरांच्या जनता दरबारात जाऊन उभी राहिली.

“साहेब, फुटपाथ काढला तर माणसांनी चालायचं कुठून?”

महापौर तात्यासाहेब हिंगमिरे खुर्चीत मागे रेलले. माणूस तसा वाईट नव्हता हो, पण भारी हट्टी! एकदा बोलले की बोलले.

“अहो बाई, हल्ली चालतंय कोण? मी स्वतः बारा वर्षांत त्या रस्त्यानं एक पाऊल टाकलेलं नाही. माझं काही अडलं का?”

“तुमचं कसं अडेल साहेब? एकदा चालून तर बघा!”

“मी? आणि चालत?” तात्यासाहेब पोट धरून हसले. “बरं, लागली पैज! सोमवारी सकाळी नऊला माझी गाडी मारुती चौकातून निघेल. त्यातला अर्धा रस्ता जरी मी आपल्या पायांनी, आपल्या मर्जीनं चाललो, तर फुटपाथ राहील. पण गाडी अडवायची नाही, टायरची हवा सोडायची नाही, आणि ‘साहेब, चला’ असं कुणी तोंडातून काढायचं नाही. कबूल?”

त्यांचे सहायक कुलथे कानाशी वाकले. “साहेब, सोमवारी आपला वाढदिवस...”

“मग? वाढदिवसाला गाडीला पेट्रोल चालत नाही की काय?”

गुंफाबाईनं हे ऐकलं मात्र, तिच्या चेहऱ्यावरची काळजी कुठल्या कुठे पळाली. “कबूल साहेब!” म्हणाली आणि निघाली.

पुढचे दोन दिवस ती त्या रस्त्यावरच्या एकेका घरी जाऊन आली. सगळी तिची रोजची गिऱ्हाइकं. काय बोलली ते तिचं तिला माहीत!

सोमवार उजाडला. नऊच्या ठोक्याला तात्यासाहेबांची उंच काळी गाडी निघाली. पहिल्याच दारात पाटणकरकाकू उभ्या! हातात ताट, ताटात निरांजन, कुंकू, अक्षता. समोर पाट मांडलेला.

आता सांगा, वाढदिवसाच्या सकाळी बाई औक्षणाला उभी आहे आणि निवडणूक तीन महिन्यांवर आहे. कुठला पुढारी गाडी दामटील?

तात्यासाहेब उतरले. चपला काढल्या, पाटावर उभे राहिले. कुंकू लागलं, अक्षता पडल्या, काकूंनी ओवाळलं. हात जोडून ते परत गाडीत चढले. गाडी वीस पावलं गेली नाही तोच शिंप्याची सून ताट घेऊन उभी!

पुन्हा उतरा, पुन्हा चपला काढा, पुन्हा चढा. मग बेकरीवाल्याची बहीण. मग शाळेतल्या बाई. पाचव्या दाराशी साहेबांचे गुडघे कुरकुरायला लागले, आणि सहाव्या दारातलं निरांजन तर तिथूनच दिसत होतं.

“कुलथे,” ते वैतागून म्हणाले, “गाडी पुढे नेऊन लावा बघू! किती वेळा चढू न् उतरू? हा मी असाच येतो.”

गाडी भुर्रकन गेली. तात्यासाहेब पायी निघाले. आठव्या दाराशी रिक्षावाला कानाशी भोंगा वाजवून गेला. नवव्या दाराशी स्कूटरचा आरसा कोपराला लागला. “आई गं!” करत साहेब उडी मारून फुटपाथवर चढले, तर समोर त्यांचाच फ्लेक्स! बांबूवर ताणलेला, फुटपाथभर आडवा. खाली उतरून वळसा घातला, वर चढले, तर पुढे दुसरा!

महापालिकेच्या पायरीशी पोचले तेव्हा कपाळ लाल, केसांत अक्षता आणि अंगाला घामाच्या धारा. पायरीवर शेवटचं ताट घेऊन गुंफाबाई उभी होती.

“औक्षवंत व्हा साहेब! चालत आलात?”

तात्यासाहेब जागच्या जागी थबकले. एकदा मागे रस्त्याकडे बघितलं, एकदा पुढे लावलेल्या गाडीकडे.

“तू गाडी अडवलीस!”

“मी? सगळ्याजणी आपापल्या दारात उभ्या होत्या साहेब. ‘चला’ म्हणालं का कुणी?”

साहेबांनी कुलथ्यांकडे पाहिलं. कुलथे हळूच म्हणाले, “गाडी पुढे न्या, असं आपणच म्हणालात साहेब. अर्ध्याच्या बऱ्याच अलीकडे.”

तात्यासाहेब गरजले, “ठीक आहे, राहिला फुटपाथ! पण त्यावरून माणसाला चालता येत नाही, हे मी आज डोळ्यांनी पाहिलं. कोण वाट अडवून उभं असतं तिथं? नाव सांग. आत्ताच्या आत्ता हटवतो!”

गुंफाबाईनं निरांजन ओवाळलं, कपाळावर आणखी एक बोट कुंकू टेकवलं आणि शांतपणे म्हणाली,

“एकच माणूस आहे साहेब. बावीस ठिकाणी उभा आहे. हात जोडून, हसत!”

कुलथ्यांनी डोळेच मिटून घेतले. आणि तात्यासाहेब जे हसत सुटले, ते पायरीवर बसूनच हसले! डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाले, “कुलथे, त्या बावीसही जणांना संध्याकाळच्या आत उचला! आणि या बाईंच्या जागेचा परवाना आजच लिहा. शिवाय सगळ्यात मोठ्या फ्लेक्सचं कापड त्यांना सावलीला द्या.”

“द्या साहेब, द्या!” गुंफाबाई म्हणाली. “पण तोंड आतल्या बाजूला करून बांधते हं. बारा महिने उन्हात उभे राहून तुम्ही काळवंडलात की हो!”