सबनिसांची कोरडी मोरी

"...मग काय, नाकच कापून टाकू का, बुवा?"

धोंडीबुवा शेंगा सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "कुणाचं?"

"माझंच."

"मग वास जाईल?"

सबनिसांनी नाकावरचा हात काढला.

मठाच्या ओट्यावर हे चाललं होतं तेव्हा मी खांबाला टेकून होतो. पुढचंही बहुतेक डोळ्यांनी पाहिलेलं आहे. जे ऐकीव आहे त्यात माझं चिमूटभर मीठ पडलंय, तेवढं चालवून घ्या.

धोंडीबुवांनी चाळीस वर्षं फलटणात नळजोडणी केली. गुडघे गेले तसा पान्हा खाली ठेवला आणि मठात येऊन बसले. लोक त्यांच्याकडे जन्ममरणाचे प्रश्न घेऊन यायचे. नऊ वर्षांपासूनचे शिष्य हेरंब सबनीस त्या दिवशी मोरीचा वास घेऊन आले होते.

सबनीस पाटबंधारे खात्यातले. सदतीस वर्षं तालुक्याचं पाणी अडवलं आणि सोडलं. "पाणी मला विचारून वाहतं," असं ते चारचौघांत म्हणायचे. नाकही तसंच तयारीचं. तीन गल्ल्यांपलीकडे कुणाच्या आमटीत गूळ जास्त पडला, ते यांना आपल्या अंगणात कळायचं.

"कधीपासून येतो वास?" बुवांनी विचारलं.

"मशीन आल्यावर महिन्याभरानं."

"त्याच्या आधी?"

"आधी तिथं धुण्याचा दगड होता. मी तो काढला. गुळगुळीत फरशी बसवली. मशीनचा पाइप थेट भिंतीतून बाहेर काढला, माझ्या नकाशाप्रमाणे. खाली थेंब पडत नाही, बुवा. मोरीत बसून पेपर वाचावा."

यात खोटं काही नव्हतं. आलेल्या पाहुण्यांना ते मोरीत खुर्ची टाकून चहा द्यायचे.

"आणि वास शोधलास कुठं कुठं?"

"कुठं नाही ते विचारा. मशीन आतून सोड्यानं धुतलं. माझे मोजे हुंगले. उंदीर मेला असेल म्हणून पेरूचं झाड मुळापासून खणलं. शेजारच्या निंबाळकरांशी भांडलो. मोरीच्या जाळीभोवती डांबराच्या गोळ्यांची रांगोळी घातली. शेवटी तीन दिवस ऊद जाळला."

त्या उदाचं मला ठाऊक आहे. धूर इतका झाला की समोरच्या आळीतली माणसं सत्यनारायण समजून वाट्या घेऊन फाटकाशी उभी राहिली.

"मग?"

"उदालाही तोच वास यायला लागला."

बुवांनी एक दाणा तोंडात टाकला.

"घरात कोण कोण आहे?"

"आधी मांजर गेलं..."

"आणि?"

"मग बायको गेली, कुमुद. लोणंदला, बहिणीकडे. म्हणाली, घरात एक तर हा वास राहील, नाहीतर मी." सबनिसांनी चष्मा काढून पुसला. पुसलेलाच होता. "बावीस दिवस झाले. फोन करतो. ती एवढंच विचारते, गेला का. मी नाही म्हणतो. मग ती फोन ठेवते... मला भाकरी थापता येत नाही, बुवा. पण ते जाऊ द्या. घरात कुणी बोलत नाही."

बुवांनी शेंगांचा पंचा गुंडाळला.

"चल."

रिक्षात सबनीस दोनदा म्हणाले, "मी सगळं करून बघितलंय."

बुवा दोन्ही वेळा म्हणाले, "व्हय की."

मोरीच्या दाराशी मी नाकाला रुमाल लावला. सबनिसांनी लावला. बुवा तसेच आत गेले, गुडघ्यांवर हात टेकत जाळीपाशी उकिडवे बसले आणि म्हणाले,

"तहान लागलीय."

सबनीस धावत जाऊन तांब्या-भांडं घेऊन आले.

बुवांनी बोटानं जाळी उचलली. तिच्याखाली खोलगट वाटी असते, पाणी साठून राहील अशी. वाटी ठणठणीत कोरडी होती. तळाशी एक झुरळ पापडासारखं वाळून पडलं होतं.

बुवांनी तांब्या उचलला आणि वाटीत ओतला.

गट... गट... गट.

"बुवा, पिण्याचं होतं ते."

"मोरी प्याली की. आण अजून."

दुसरा तांब्या आला. तोही गेला. तिसरा मात्र वाटीत थांबला. काठाशी येऊन हलला आणि शांत झाला. थोडं पाणी फरशीवर सांडलं. सबनिसांचा पाय आपोआप मागे सरकला.

बुवांनी जाळी लावली. खिडकी उघडली. कोपऱ्यातल्या, डांबराच्या गोळ्यांच्या रिकाम्या डब्यावर बसले आणि पुन्हा शेंगा काढल्या.

"आता?"

"आता बस."

आम्ही बसलो. पाच मिनिटं... दहा...

सबनिसांनी रुमाल नाकावरून थोडा खाली घेतला. मग अजून थोडा. मग खिशात घातला. त्यांनी छाती भरून एक श्वास घेतला. कित्येक दिवसांतला पहिला असावा.

"निंबाळकरांकडे मेथी फोडणीला पडली," ते हळूच म्हणाले.

"आणि इथला?"

"नाही येत." त्यांनी पुन्हा हुंगून बघितलं. "नाही येत, बुवा."

खिडकीबाहेरच्या गटाराकडे आणि पायाशी असलेल्या जाळीकडे ते आळीपाळीनं बघत राहिले. आकडेमोड चेहऱ्यावर दिसत होती.

"वाटीतलं पाणी म्हणजे दार," ते म्हणाले. "ते आटलं. खालची हवा सरळ वर. सदतीस वर्षं मी दरवाजे बसवले कालव्यांना..."

"दार मी बसवलं होतं," बुवा म्हणाले. "तुझं घर बांधलं तेव्हा. उघडं कुणी टाकलं?"

सबनिसांनी जाळीवर हात ठेवला. म्हणाले,

"कुमुद रोज शेवटची बादली इथं ओतायची. खराटा मारायची."

"मग?"

"मी बंद केलं. पाणी वाया जातं म्हटलं. तिच्या हातात पिळलेलं फडकं दिलं... चार माणसांसमोर दिलं."

"तिला ठाऊक होतं, कशाला ओतायचं ते?"

"नसावं."

"तरी ओतायची."

"ओतायची."

बुवांनी शेंगेचं टरफल खिशात ठेवलं. "फोन लाव."

सबनिसांनी लावला. आवाज मोठा होता, आम्हालाही ऐकू आला.

"गेला का?" पलीकडून कुमुदताई.

"गेला."

"कशानं?"

सबनिसांनी बुवांकडे बघितलं. बुवा छताकडे बघत होते. मी बुवांकडे.

"पाण्यानं," सबनीस म्हणाले. "तू ओतायचीस त्या."

फोन ठेवला की काय, असं वाटायला लागलं. सबनिसांचा कान लाल झाला.

मग आवाज आला. "चारची गाडी मिळेल मला. घरात दूध आहे का? आणि मांजर?"

"दूध आणतो," सबनीस म्हणाले. "मांजर... तू आलीस की येईल."

फोन ठेवून ते उभे राहिले. हसत होते, पण कुठल्या बाजूनं हसावं ते ठरत नव्हतं. मग एकदम त्यांना फरशीवरचं सांडलेलं पाणी दिसलं. खुंटीवरचं फडकं ओढून ते गुडघ्यांवर बसले.

"ठेव ते," बुवा म्हणाले.

"ओलं आहे, बुवा. ती घसरेल."

"न्हाई घसरायची. बघू दे तिला."