सोनबाची जागा

एका गावात देवी डोंगरावर होती आणि विहीर पायथ्याशी. जत्रेच्या सकाळी देवीच्या अंघोळीचं पाणी हातोहात वर जाई. त्यासाठी प्रत्येक घरातलं एक माणूस डोंगराच्या टप्प्यांवर उभं राही. नियम एकच. कळशी द्यायची ती विरजणाची देवघेव असलेल्या घरालाच, आणि अशी दोन घरं लागोपाठच्या टप्प्यांवरच हवीत. ज्याच्या विरजणानं आपलं दही लागतं, त्याच्या हातून पाणी सांडत नाही, अशी समजूत. तेव्हा विरजण मागायला जाण्यात अर्धी दुपार जायची, आणि ती गेल्याचं कुणाला वाईटही वाटत नसे.

पायथ्याला नेहमी म्हातारा सोनबा कुंभार उभा राही. का, ते कुणी कधी विचारलं नाही. त्या वर्षी मात्र सोनबा हयात नव्हता.

"पहिली जागा मानाची. मीच राहतो," रायाजी पाटील म्हणाले.

पाटलांचं विरजण निम्म्या गावात. ती सगळी घरं दुसऱ्या टप्प्यावर गेली, त्यांची विरजणवाली तिसऱ्यावर, आणि निम्म्या डोंगरावरच गाव संपलं. पाणी अडलं. पाणी नाही तर जत्रा नाही. रेवडीवाला आपली पाटी पुन्हा बांधू लागला.

विहिरीच्या कठड्याशी हिरा उभी होती. नवी नवरी, सोनबाच्या शेजारी नवं बिऱ्हाड. माहेरी ती दरवर्षी अशाच ओळीत असायची. इथं पाटलीणबाईंनी सांगितलं होतं, "तुझं कोण आहे गावात? बघत बस."

हिरानं येताना आईचं विरजण बोळक्यातून आणलं होतं. चव मोडू नये म्हणून ती कुणाला देत नसे. फक्त एकदा आळीतल्या तानूकाकूंचं दही नासलं, तेव्हा तिनं चमचाभर दिलं. पुढं मांजरानं हिराचं बोळकं चाटूनपुसून साफ केलं, तेव्हा काकूंनी वाटी आणून दिली. चाखलं तर आईचंच दही.

"काकू, सोनबांचं विरजण कुणाकुणाकडे जायचं?" पाणी अडल्यावर खाली आलेल्या तानूकाकूंना हिरानं हळूच विचारलं.

"कुणाकुणाकडे कुठलं! माझ्या एकटीकडे. फार तिरसट होता बाई."

"मग त्यांच्या जागी मी राहते. मलाही तुम्ही एकट्याच."

"आणि पाटील?" पाटलीणबाई कडाडल्या.

"ते मधे. वरची घरं आणि खालची घरं त्यांच्याशिवाय जोडायची कुणी?"

"पाटील निम्म्यावर आले रे!" कुणीतरी ओरडलं. गाव हसलं. पाटलांचे कान लाल झाले. ते धोतर सावरून चढू लागले.

काकू दुसऱ्या टप्प्यावर, त्यांची विरजणवाली तिसऱ्यावर, असं गाव पुन्हा उभं राहिलं, आणि या वेळी ते देवळापर्यंत पुरलं. हिरानं कळशी काकूंना दिली, काकूंनी वर. पाटलांच्या हातून ती पुढं गेली आणि थेट देवळाच्या उंबऱ्याशी पोचली.

"खाली होतो तेव्हा वाटलं, गाव माझ्यापासून सुरू होतं," पाटील म्हणाले. "इथून दोन्ही टोकं दिसतात."

आता देवळात नळ आहे. दही पिशवीतून येतं. पायऱ्या मात्र तशाच आहेत, आणि पायथ्याचा दगड पायांनी झिजलेला.

तात्पर्य: ज्याला सगळे ओळखतात त्यानं मधे उभं राहावं, आणि ज्याला एकच जण ओळखतो त्याला पहिली जागा द्यावी, गाव तेव्हाच वरपर्यंत पुरतं.